पहिल्या शुक्रवारचं मीठ

डोळा मारणारा माणूस

माझा आवाज काय चीज होती ते भिवंडीजवळच्या पूर्ण्याच्या गोदामांना विचारा. डॉकवर उभा राहून मी "गाडी मागे घे" म्हटलं की तिकडे खारबावच्या स्टेशनात मालगाडी मागे सरकायची. एकदा मी नुसता शिंकलो, तर अर्ध्या लेबरने जेवणाची सुट्टी समजून डबे उघडले. अशा माणसाचा आजार घशातून सुरू व्हायला हवा होता. पण तो सुरू झाला डाव्या पापणीतून.

दुपार कलली होती. एक ट्रेलर रिकामा होत होता आणि मला तिथे दोन दिसायला लागले. शेठने न सांगता धंदा वाढवला, असं वाटलं मला. तेवढ्यात टेम्पोवाला इरफान जवळ आला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"सुधाकरभाई, आँख क्यूँ मार रहे हो?"

"कुणाला?"

"मेरे को! पाच मिनिटसे. मैं शादीशुदा आदमी हूँ."

मी हसलो. म्हणजे हसायला गेलो. तोंडाची एक बाजू वर गेली, दुसरी ड्युटी संपल्यासारखी जागेवरच राहिली. बोटाने पापणी वर ढकलली तर ती परत खाली. शटरची स्प्रिंग गेल्यावर होतं तसं.

नुकतंच कुणाला माझ्या या आजाराचं निदान झालं असेल, किंवा झालंच नसेल आणि घरचे त्याला नाटकी म्हणत असतील, तर त्याने पुढचं वाचावं. बाकीच्यांनी वाचलं नाही तरी चालेल, पण मग माझ्याबद्दल इकडे-तिकडे मत देऊ नये.

सकाळचा पहिलवान

या आजाराइतका हरामी आजार मी पाहिला नाही. सकाळी तो घरी नसतोच. सकाळी मी उठायचो तो नुसता पहिलवान. पाण्याचा पिंप एका हाताने हलवायचो, आंघोळीला गाणं म्हणायचो, शेजारचं कुत्रं घाबरायचं. दुपारी मान जड. संध्याकाळी भाताचा घास चावता चावता जबडा थांबायचा, मग हनुवटीखाली हात धरून मी तो चालवायचो, हातपंपासारखा. आणि बोलायला लागलो की पहिली चार वाक्यं माझी, पाचवं वाक्य नाकातून यायचं, सहाव्याला हवा.

डॉक्टरकडे गेलो तर बाकड्यावर नंबर येईपर्यंत बसायचं. बसलो की आराम, आराम झाला की ताकद परत. आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "माझा हात दाबा." मी दाबला. ते ओरडले. "तुम्हाला काय झालंय? मलाच आता पट्टी बांधावी लागेल." लाल रंगाची बाटली चढवली आणि विकनेस म्हणून घरी पाठवलं. मी घराच्या दारात पोचलो आणि पापणी पडली. आजार दवाखान्यात खुर्चीखाली लपत होता, बाहेर आलो की मानेवर बसत होता.

मॅनेजर म्हणाला, "सकाळी पेटी उचलतोस आणि संध्याकाळी चमचा उचलत नाही? सुधाकर, ही स्टोरी जमली नाही. गेल्या महिन्यातली बिबट्याची चांगली होती."

बिबट्या मी खरंच पाहिला होता, पण जाऊ द्या.

घरीही तेच. बायको रेखा काही बोलत नव्हती, पण भांडी जरा जोरात ठेवत होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, बोलत होते. त्यांचं एकच.

"कोठा साफ न्हाय तुझा. दुसरं काय व्हत न्हाय."

आप्पांचं औषध

आप्पांनी उमेदीची सगळी वर्षं साइझिंगमध्ये काढली. लूमवर चढवण्याआधी सुताला खळ लावतात, ते काम. त्या खळीत एक पांढरं, खडीसारखं मीठ पडतं, कापडाला वजन यावं म्हणून. गिऱ्हाइकाला वाटतं कापड भारी आहे. साइझिंगच्या कामगारांनी फार पूर्वी शोध लावला की हेच मीठ पाण्यातून घेतलं तर पोट असं साफ होतं की मागच्या दिवाळीचंसुद्धा काही शिल्लक राहत नाही. शिफ्टमध्ये खळीची कढई सोडून पळता येत नाही, म्हणून हे काम सुट्टीच्या दिवशी. भिवंडीत लूमला सुट्टी शुक्रवारची. तर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सगळ्या घराने उपाशीपोटी मीठ घ्यायचं, ही आमच्या घरची रीत.

रिटायर झाल्यावरही जुने सोबती आप्पांना मीठ पोचवायचे. ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात राहायचं. आमच्या शेलार गावात कुणाचं डोकं दुखो, गुडघा दुखो, पोरीचं लग्न जमत नसो, आप्पा डबा उघडायचे. लोक त्यांना वैद्यबाबा म्हणायचे. आयुष्यभर ज्याला मुकादमाने नावाने हाक मारली नाही, त्या माणसाला म्हातारपणी हे मिळालं होतं. म्हणून त्या डब्याला आमच्या घरात कुणी नाव ठेवत नव्हतं. मीही नाही. उलट मीच पसरवलं होतं की आप्पांच्या मिठाने एका पोलिसाने खाल्लेली लाच बाहेर काढली.

त्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आप्पांनी माझ्यासाठी ग्लास भरला. मी प्यायलो. त्यांनी माझ्या पापणीकडे बघितलं आणि अजून एक भरला.

"तुला दोन लागतील. लय साचलंय."

टेम्पो

जुलाब झाले ते झालेच. पण दुपारी मला स्वतःची थुंकी गिळता येईना. मान छातीवर पडली ती उचलेना. रेखाने पाणी पाजलं, ते नाकातून परत आलं. मी तिला सांगायला गेलो की श्वास पुरत नाही, तर जो आवाज निघाला तो ऐकून ती भांडी टाकून रस्त्यावर पळाली.

इरफानचा टेम्पो उभा होता. मागे कापडाचे तागे, त्यावर मी, माझं डोकं रेखाच्या मांडीवर. बायपासला नेहमीसारखं जाम. इरफान खिडकीतून अर्धा बाहेर येऊन सगळ्या भिवंडीच्या खानदानाचा उद्धार करत होता. "अरे हट ना! अंदर आदमी मर रहा है!" पुढचा रिक्षावाला म्हणाला, "कौन?" "सुधाकर!" "वो गोदामवाला? फेंक रहा होगा."

हे मी ऐकलं. ताग्यांवर पडून, एकेक श्वास मोजून खेचत, मी हे ऐकलं. रिक्षावाल्या, तू जिथे असशील तिथे तुझं टायर रोज पंक्चर होवो.

मिटलेल्या डोळ्यांआड

मुंबईतल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात तोंडातून नळी घातली आणि मशीनला जोडलं. मशीन माझ्यासाठी श्वास घ्यायचं. नाकात दुसरी नळी, जेवणाची. भिवंडीचा भोंगा बंद.

सगळ्यात वाईट काय होतं सांगू? पापण्या उघडत नव्हत्या, हात हलत नव्हता, पण मी पूर्ण जागा होतो. वॉर्डात सगळ्यांना वाटायचं हा झोपलाय. माझ्याच अंगावर वाकून दोन मावशींनी कुणाच्या तरी सुनेचं भांडण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलं आणि निकाल लागायच्या आत त्यांची ड्युटी संपली. ते भांडण मला अजून छळतं. मेव्हणा आला आणि रेखाला विचारून गेला की गोदामातल्या माझ्या जागेवर त्याच्या ओळखीचा एक मुलगा लागेल का. मेलेल्या माणसाचा तरी लोक तेराव्यापर्यंत मान ठेवतात.

एक सिस्टर होती. ती माझी पापणी बोटाने उचलून म्हणायची, "सुधाकर, मी आहे. आता नळीतला कफ काढते, त्रास होईल." सांगून त्रास देणारं माणूस किती मोठं असतं हे तिथे कळतं. कफ काढायची नळी आत गेली की सगळं शरीर बुडाल्यासारखं व्हायचं आणि ओरडायला आवाज नाही. ओरडता न येणं हा काय प्रकार आहे, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मला! ज्याने शिंकेवर दोन तास किस्सा केला!

रेखाने एक युक्ती काढली होती. माझा अंगठा जेमतेम हलायचा. ती हात हातात धरून विचारायची, "ऐकू येतंय?" मी अंगठा दाबायचो. डॉक्टरांच्या आधी तिला कळलं की आत कुणीतरी आहे.

बर्फ

नसांच्या डॉक्टरीण आल्या त्या दिवशी आप्पा आणि रेखा दोघं पलंगाशी होते. मॅडम यायच्या जरा आधी आप्पा रेखाला हळूच म्हणाले,

"लहानपनी बी असाच करायचा. शाळंचा कंटाळा आला का डोळे मिटून पडायचा. मी कान धरला का उठायचा."

रेखा म्हणाली, "आप्पा, धरून बघा मग कान."

आणि मग खरंच, माझ्या कानाला त्यांची बोटं लागली. खळीने घट्टे पडलेली, खरखरीत. त्यांनी ओढला नाही. नुसता धरून ठेवला.

मॅडमनी माझ्या पापण्या वर केल्या, सोडल्या, परत केल्या. हाताला करंट देऊन बघितलं. पहिल्या झटक्याला हात उडायचा, पुढच्यांना कमी कमी. मग त्यांनी बर्फ मागवला. वॉर्डबॉयने रबरी हातमोज्यात बर्फ भरून आणला, मॅडमनी तो माझ्या डाव्या डोळ्यावर ठेवला. जरा वेळाने काढला.

आणि पापणी उघडली.

कुणी चमत्कार म्हणेल. मॅडम म्हणाल्या, थंडीत नस आणि स्नायूमधला निरोप जास्त टिकतो, म्हणून. आणि लगेच आजाराचं नाव सांगितलं. मायस्थेनिया. माझ्याच रक्तातले शिपाई माझ्याच स्नायूंवर उठलेत. रक्तातलं पाणी बदलायचं, गोळ्या चालू करायच्या, माणूस चालता-बोलता होतो. रेखा तिथेच खाली बसली. रडली का हसली मला दिसलं नाही, कारण माझा एक उघडा डोळा समोर होता आणि समोर आप्पा होते. मी सगळं ऐकलंय हे त्यांना कळलं होतं. त्यांनी कान सोडला आणि खिडकीकडे बघायला लागले.

मॅडमनी जाता जाता विचारलं, "घरी काही औषध घेत होते का? चूर्ण, काढा, पुड्या?"

"नाही, मॅडम," रेखा म्हणाली.

ती खोटं बोलली नव्हती. मीठ औषध थोडंच होतं? ते घरचं होतं. भात आणि चहासारखं.

रेखाची पिशवी

घरी आलो. गोळ्यांनी फरक पडला, मान उभी राहिली, आवाज अर्धामुर्धा परत आला. नोकरी आली नाही. मॅनेजर म्हणाला, पूर्ण बरा हो मग बघू; आणि माझ्या जागेवर खरंच एक मुलगा लागला. रेखा पूर्ण्यालाच दुसऱ्या गोदामात पेट्या स्कॅन करायला लागली. ती संध्याकाळी थकून यायची आणि बोलायला माणूस शोधायची, नेमका तेव्हा माझा आवाज संपलेला असायचा. दिवसभर मी भिंतींशी बोलून तो उधळलेला असायचा. आम्ही दोघं शेजारी बसून टीव्हीवर दुसऱ्यांची भांडणं बघायचो.

मग पहिला शुक्रवार आला. आप्पांनी ग्लास दिला. एकच. मी प्यायलो. दुसऱ्या दिवशी परत इरफानचा टेम्पो, परत जाम, परत तेच हॉस्पिटल. या वेळी नळी टळली, एवढंच. मॅडम वैतागल्या. गोळ्या बरोबर चालू आहेत, ताप नाही, मग झालं काय?

हे कोडं रेखाने सोडवलं, ग्लास विसळताना. दोन्ही वेळा पहिल्या शुक्रवारच्या ग्लासानंतरच का, एवढाच प्रश्न तिने स्वतःला विचारला. आप्पा बाहेर गेलेत बघून तिने डब्यातली मूठभर खडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधली आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"हे काय?"

"साइझिंगचं मीठ. पोटासाठी घेतो आम्ही."

मॅडमनी पिशवी उजेडात धरली. माझं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला. मॅग्नेशियम. रक्तात नको तेवढं चढलेलं.

त्यांनी मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. नस म्हणजे माल पाठवणारं गोदाम, स्नायू म्हणजे माल घेणारं. दोन्ही भिंतीला भिंत लागून नाहीत, मधे एक बारीक फट आहे. मेंदूकडून ऑर्डर आली की कॅल्शियम नावाचा गडी नसेच्या दारातून आत जातो, तेव्हा शटर उघडतं आणि माल फटीपलीकडे जातो. माल पोचला की हात उचलतो, पापणी उघडते, माणूस थापा मारू शकतो. माझ्याकडे माल घेणारे कितीतरी दरवाजे माझ्याच शिपायांनी फोडून ठेवलेत. म्हणून भरपूर माल सुटला तरच थोडा पोचतो. आता मॅग्नेशियम. हाही दिसायला कॅल्शियमच्याच जातकुळीतला. तो नसेच्या दारात येऊन बसतो, कॅल्शियमला आत सोडत नाही, आणि स्वतः शटर उघडत नाही. धडधाकट माणसाचं मूत्रपिंड त्याला बाहेर हाकलतं आणि दरवाजे भरपूर असतात, त्याला कळतही नाही. माझ्यासारख्याच्या छातीचे स्नायू मात्र ऑर्डरची वाट बघत बसतात.

"हे परत घेतलंत तर कदाचित मला भेटणार नाही तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "आणि औषध कुठलंही असू दे, दुकानातलं किंवा घरचं, आधी विचारायचं."

कापडाचं खोटं वजन वाढवणारं मीठ मला दोनदा मारायला निघालं होतं, आणि तो ग्लास माझ्या बापाने भरला होता.

कुणी सांगायचं

परत येताना रेखा म्हणाली, "आप्पांना मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

मी सांगितलं. असं सांगितलं की गोदामातल्या मोठ्या एसीची हवा मानेत भरली होती, डॉक्टरांनी सुईने काढली, बाटलीत भरून ठेवली, शिकाऊ डॉक्टर रांग लावून बघायला येतात. आप्पा खूष. "मी म्हनतच व्हतो, ते गोदामच खराब हाय." रेखाने माझ्याकडे असं बघितलं की पापणी आपोआप पडली.

थाप उत्तम होती. फक्त एक गोष्ट मी विसरलो होतो. महिना संपला की पहिला शुक्रवार येतोच.

सकाळी ओट्यावर ग्लास मांडलेले. आप्पांनी माझा ग्लास माझ्यापुढे सरकवला. रेखा कामाला निघायची ती दारात थांबली. तिने चप्पल घातली नाही.

"आप्पा, मी घेणार नाही," मी म्हटलं. "हवा-बिवा काही नव्हती. मी दोनदा मरता मरता वाचलो ते या मिठाने. मॅडमनी रक्त तपासलं."

आप्पा हसले.

"यातली खरी कोनची? हवेची का मिठाची?"

"मिठाची."

"हवेची जास्त खरी वाटली व्हती."

"आप्पा, हे खरं सांगतायत," रेखा दारातून म्हणाली.

"तू गप बस, सूनबाई. सगळं घर घेतं. तू घेतेस, मी घेतो. मी पन्नास वर्सं घेतोय. कोन मेला? सांग, कोन मेला?" त्यांनी माझा ग्लास उचलला, एका दमात रिकामा केला, मग स्वतःचाही केला. तोंड पुसलं. "बघ. हाय ना जिवंत?"

होते. ठणठणीत होते. त्यांना काही झालं नाही, होणारही नव्हतं. माझ्या आयुष्यातली एकमेव शंभर टक्के खरी गोष्ट माझ्या बापाने माझ्यासमोर पिऊन खोटी पाडली.

मी चिडलो. नस, फट, दारात बसलेला गडी, सगळं समजावायला लागलो. ओरडलो. पहिली चार वाक्यं जोरात गेली. मग आवाज नाकात गेला, मग शब्दांचा लगदा झाला, हनुवटी खाली यायला लागली आणि मी ती हाताने धरली. एका हाताने हनुवटी धरून मी बापाशी भांडत होतो. आप्पा ऐकत होते. रिकामा ग्लास त्यांच्या हातात तसाच होता.

"आन आज तर तू घेतलंच न्हाय," ते हळू म्हणाले. "तरी बी गेला आवाज."

रेखा येऊन माझी मान धरून उभी राहिली. त्या दिवशी ती कामावर गेली नाही.

पालथा

त्यानंतर आप्पा माझ्याशी त्या विषयावर बोलले नाहीत. चूक झाली असं ते म्हणणार नाहीत. डबा फडताळात तसाच आहे, लोक येतात, आप्पा देतात. मी प्रत्येकाला दारातच गाठून विचारतो, "पापणी पडते का? संध्याकाळी बोलताना आवाज जातो का? मूत्रपिंडाचा त्रास आहे का?" लोक हसतात आणि म्हणतात, याची नवीन स्टोरी ऐकली का. वाचणाऱ्या, तू हसू नकोस. तुझ्या घरात असा कुठला ग्लास आहे, जो तुम्ही औषधात धरत नाही, तो आठव आणि डॉक्टरला सांग.

परवा बाहेरच्या कट्ट्यावर एक शेजारी बसला होता. मी आत पडलो होतो, डोळे मिटून. शेजाऱ्याने विचारलं, "सुधाकर घेत नाही आता मीठ?"

"न्हाय," आप्पा म्हणाले. "सुध्याला झेपत न्हाय. नाजूक हाय तो. मीठ पचवायला छाती लागते."

मॅडमनी अर्धा तास घालवून जे समजावलं, ते म्हाताऱ्याने टोमण्यात उरकलं, आणि त्यात माझी इज्जतही काढली. उठून भांडावंसं वाटलं. संध्याकाळ होती, आवाज पुरला नसता.

काल पहिला शुक्रवार होता. सकाळी उठलो तर ओट्यावर नेहमीचे ग्लास रांगेत, पाणी भरलेले, तळाला मीठ विरघळत असलेलं. माझाही ग्लास रांगेत होता. धुतलेला, आणि पालथा घातलेला.